रिकामे वाळवंट आणि बोलते वाळवंट : बेदुइन जीवनाविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

भटक्या पशुपालक समाजांविषयीचे बहुतेक लेखन त्या समाजाबाहेरच्या माणसांनी केलेले असते, आणि ते वाचणाराही बहुधा बाहेरचाच असतो. अरबस्तान, सिरिया, जॉर्डन, सिनाई, नकब आणि उत्तर आफ्रिकेचा वाळवंटी पट्टा या प्रदेशांत उंट व शेळ्यामेंढ्यांच्या आधारे शतकानुशतके जगत आलेल्या बेदुइन समाजाच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. एकोणिसाव्या शतकापासून युरोपीय प्रवाशांनी बेदुइनांविषयी विपुल लिहिले. त्या लेखनातून एक चित्र जगभर स्थिर झाले. अथांग वाळू, त्यावरून सरकणारी उंटांची ओळ, आणि मालमत्ता, सीमा व इतिहास यांपैकी कशाशीही देणेघेणे नसलेला एक स्वाभिमानी माणूस, असे ते चित्र आहे. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही ते थोड्याफार फरकाने सापडते.

प्रस्तुत लेखात तीन ग्रंथांच्या आधारे या चित्राची चिकित्सा करावयाची आहे. एडवर्ड हेन्री पामर यांचे 'द डेझर्ट ऑफ दि एक्झोडस' (१८७१) व विल्फ्रेड थेसिगर यांचे 'अरेबियन सँड्स' (१९५९) ही दोन प्रवासवर्णने, आणि लीला अबू-लुघोद यांचा 'व्हेल्ड सेंटिमेंट्स' (१९८६) हा मानववंशशास्त्रीय ग्रंथ. 'रिकामे वाळवंट' ही निसर्गाची नोंद नसून ती एक वाङ्मयीन रूढी आहे, आणि तिचे परिणाम वाङ्मयापुरते मर्यादित राहिलेले नाहीत, हे येथील प्रतिपादन आहे. बेदुइनांची स्वतःची कविता या रूढीला कसे उत्तर देते, हा त्याचाच दुसरा भाग होय.

बेदुइन कोण?

'बेदुइन' हा शब्द आपल्याकडे इंग्रजी-फ्रेंचमार्गे आला. मूळ अरबी शब्द 'बदू' असून तो 'बादिया' म्हणजे वस्तीबाहेरचा उघडा मुलूख या शब्दाशी निगडित आहे. उंटांवरून लढणाऱ्या अरबांचा अगदी जुना उल्लेख इ.स.पू. ८५३ मधील करकरच्या लढाईच्या संदर्भात मिळतो. असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात गिंदिबू नावाचा अरब एक हजार उंटांसह शत्रुपक्षात असल्याची नोंद आहे. हे येथे नमूद करण्याचे कारण असे की, ज्या समाजाला सर्रास 'इतिहासाबाहेरचा' म्हटले जाते तो लिखित इतिहासात प्रथम दिसतो तोच राजकीय आघाडीचा घटक म्हणून.

इब्न खल्दून याने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा'चा मसुदा पूर्ण केला, आणि 'बदावा' व 'हदारा', म्हणजे उघड्या मुलखातील जीवन व नागर जीवन, ही जोडी समाजविचारात आणली. परंतु त्याच्या 'बदावा'त केवळ उंटवाले येत नाहीत. शेळ्यामेंढ्या पाळणारे आणि शेती करणारेही त्यात येतात. भटका आणि शेतकरी यांच्यातील जी भिंत आज आपण गृहीत धरतो, ती त्याच्या मांडणीत नाही. 'असबिय्या' म्हणजे गटाची एकजूट ही त्याची संकल्पना अभ्यासकांना परिचित असल्याने तिचा विस्तार येथे करीत नाही.

आर्थिक अंगानेही बेदुइन कधी एकटे नव्हते. धान्य, खजूर, कापड व हत्यारे यांसाठी त्यांना मरूद्याने आणि शहरे लागत. शहरांना आणि काफिल्यांना त्यांचे उंट, लोणी, लोकर आणि मार्गरक्षण लागे. बलिष्ठ टोळ्या वाटसरूंकडून व दुर्बल वस्त्यांकडून 'खुव्वा' नावाचा संरक्षणकर घेत. या व्यवहाराचे एक टोक महाराष्ट्रापर्यंत पोहोचले होते. एकोणिसाव्या शतकात अरबस्तान व मेसोपोटेमियातील बेदुइनांनी पैदा केलेले घोडे बसरा व कुवेतमार्गे जहाजांनी मुंबईला येत आणि तेथून लष्करात, संस्थानांत व शर्यतीच्या मैदानांवर जात. दूरच्या बंदरातील मागणी वाळवंटातील पैदाशीला पोसत होती. अशा समाजाला 'जगापासून तुटलेला' म्हणता येणार नाही.

थेसिगर : गुणांचे स्तोत्र, माणसांचे मौन

विल्फ्रेड थेसिगर हे या परंपरेतील शेवटचे मोठे नाव. टोळांच्या पैदास-स्थळांचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश यंत्रणेच्या कामानिमित्त १९४५ मध्ये ते दक्षिण अरबस्तानात गेले आणि पुढील पाच वर्षांत 'रुब-अल-खाली' म्हणजे 'रिकामा चतुर्थांश' हे महावाळवंट त्यांनी रशीद टोळीच्या सोबत्यांसह दोनदा ओलांडले. त्यांचे पुस्तक वाचनीय आहे, प्रामाणिक आहे, आणि सोबत्यांविषयीच्या प्रेमाने ओथंबलेले आहे. पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना या पुस्तकाइतकी विद्यार्थ्यांना भारून टाकणारी पुस्तके थोडीच आढळतात, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक कसोशीने व्हावयास हवी.

थेसिगर यांचा मूळ सिद्धान्त साधा आहे. कष्ट माणसाला उदात्त करतात. तहान, भूक, थंडी व भीती यांतून बेदुइनाचे औदार्य, निष्ठा आणि धैर्य निर्माण होते. मोटार आणि तेल आले की हे गुण लोपतात. म्हणजे बेदुइनाची संस्कृती ही त्याच्या दारिद्र्यावर अवलंबून आहे. हा विचार एकदा मान्य केला की त्या समाजाला दवाखाना, शाळा व पगार मिळणे हीच शोकांतिका ठरते. १९७७ मध्ये ते ओमान व अबू धाबीला परत गेले तेव्हा बदललेले जग पाहून निराश झाले. या निराशेत सोबत्यांच्या मताला कितपत स्थान होते, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा. उंटावरून पंधरा दिवस पाण्यावाचून जाणे ही लेखकासाठी निवड होती, सोबत्यांसाठी तो चरितार्थ होता.

आणखी एक गोष्ट. या पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीत. तंबू विणणाऱ्या, तो उभारणाऱ्या व उतरवणाऱ्या, पाणी व सरपण आणणाऱ्या स्त्रियांशिवाय बेदुइन जीवन एक दिवसही चालत नाही. परंतु परक्या पुरुष प्रवाशाला जे दिसले तेवढेच 'बेदुइन जीवन' म्हणून ग्रंथित झाले.

तथापि थेसिगर यांच्या पुस्तकाचे श्रेष्ठत्व असे की त्याची काही पाने त्यांच्याच सिद्धान्ताला छेद देतात. वाटेत उंटांच्या पावलांचे ठसे दिसतात. एक वृद्ध सोबती ते पाहतो, उंटांच्या लेंड्या हातात घेऊन चुरतो, आणि सांगतो की हे इतके उंट होते, अमुक टोळीचे लोक होते, त्यांनी कोणावर धाड घातली, पाणी कोठे पाजले आणि येथून जाऊन किती दिवस झाले. लेखकाला जे वाळूचे कोरे पान वाटते त्यावर सोबत्याला भरगच्च मजकूर दिसतो. 'रिकामा चतुर्थांश' या नावाचा पोकळपणा याहून परिणामकारक रीतीने दाखवणे कठीण. दुर्दैवाने लेखक हा प्रसंग एक अद्भुत कौशल्य म्हणून नोंदवतो आणि पुढे चालू लागतो.

पामर : प्रवासवर्णन न्यायालयात

एखादी वाङ्मयीन रूढी चुकीची असली म्हणून कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर अरबस्तानाच्या बऱ्याच वायव्येस, आजच्या इस्राएलमधील नकब (नेगेव) प्रदेशात मिळते.

केंब्रिजचे अरबी-तज्ज्ञ एडवर्ड हेन्री पामर १८६९-७० मध्ये चार्ल्स टिरव्हिट-ड्रेक यांच्यासह पायी सिनाई व नकब भागांतून फिरले. बायबलमधील स्थळांचा शोध हा त्यांचा हेतू होता. साहजिकच त्यांच्या दृष्टीला प्राचीन अवशेष ठळक दिसले आणि त्या अवशेषांच्या परिसरात वावरणारी जिवंत माणसे अडगळीसारखी भासली. हा प्रदेश उजाड आहे आणि त्याला उजाड करण्यास बेदुइनच जबाबदार आहेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. हेच पामर अरबी कवितेचे समर्थ अनुवादक होते. बहाउद्दीन झुहैर या मध्ययुगीन कवीची कविता त्यांनी इंग्रजीत आणली. पुस्तकातील अरबी त्यांना ऐकू येत होती, वाळवंटातील अरबीचे मात्र त्यांच्या लेखी तेवढे मोल नव्हते असे म्हणावे लागते. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या गुप्त कामगिरीवर असताना सिनाईत बेदुइनांच्या हातून त्यांचा मृत्यू झाला.

पामर यांचे पुस्तक १८७१ चे. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, हा केवळ योगायोग असला तरी दोहोंमागील मनोवृत्ती एकच आहे. जो स्थिर नाही तो संशयास्पद, आणि जमिनीवर त्याचा हक्क संभवतच नाही.

या मनोवृत्तीला कायद्याचे कलम आधीच उपलब्ध होते. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात 'मवात' म्हणजे 'मृत' जमीन असा एक वर्ग आहे. वस्तीच्या टोकापासून माणसाने मोठ्याने दिलेली हाक जेथे ऐकू जात नाही, सुमारे दीड मैल वा अर्ध्या तासाची चाल एवढ्या अंतरापलीकडची, कोणाच्या ताब्यात नसलेली जमीन ती मृत. १९२१ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने अशी जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना नोंदणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बहुतेक बेदुइनांनी नोंदणी केली नाही. त्यांच्यातील जमिनीचे व्यवहार टोळीच्या रूढीप्रमाणे चालत आणि परस्परांना मान्य असत. १९४८ च्या युद्धानंतर नकबमधील बहुसंख्य बेदुइन बेघर होऊन परागंदा झाले. उरलेल्या सुमारे ११,००० लोकांना 'सियाग' नावाच्या मर्यादित पट्ट्यात एकवटण्यात आले व १९६६ पर्यंत ते लष्करी अमलाखाली राहिले. पुढे त्यांच्यासाठी रहात, तेल शेवा इत्यादी नियोजित नगरे वसवण्यात आली.

या पार्श्वभूमीवर अल-हवाशला खटल्यात १९८४ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीन 'मवात' ठरवली. तो प्रदेश पूर्वी उजाड होता हे दाखवण्यासाठी निकालपत्रात पामर यांच्या प्रवासवर्णनाचा आधार घेण्यात आला. एकशे तेरा वर्षांपूर्वीचे, बायबलच्या शोधात निघालेल्या प्रवाशाचे पुस्तक जमिनीच्या मालकीचा पुरावा झाले. तंबूंची वस्ती ही 'वस्ती' नव्हे, असे मानल्यावर हाक ऐकू येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण हाक देणारा माणूसच हिशेबातून वगळला जातो. अल-उक्बी कुटुंबाच्या खटल्यात (जिल्हा न्यायालय २०१२, सर्वोच्च न्यायालय २०१५) दोन्ही बाजूंच्या भूगोलतज्ज्ञांनी जुने नकाशे व प्रवासवर्णने आपापल्या परीने वाचून दाखवली. निकाल पुन्हा बेदुइनांच्या विरुद्ध गेला. अलेक्झांडर केदार, अहमद अमारा व ओरेन यिफ्ताखेल यांनी 'एम्प्टीड लँड्स' (२०१८) या ग्रंथात या न्यायप्रक्रियेची सविस्तर चिकित्सा केली आहे. ग्रंथाचे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. जमिनी मुळात रिकाम्या नव्हत्या, त्या रिकाम्या केल्या गेल्या.

कवितेतील भूगोल

आता उलट बाजूने पाहू. प्राचीन अरबी कवितेतील 'मुअल्लका' या प्रख्यात दीर्घ कवितांचा आरंभ बहुधा 'नसीब' या भागाने होतो. (आपल्या 'नशीब' या शब्दाशी याचा संबंध नाही. दोहोंचे अरबी धातू वेगळे आहेत.) प्रियेच्या टोळीने सोडलेल्या तळाच्या खुणांपाशी कवी थांबतो व शोक करतो. येथे लक्षणीय गोष्ट ही की तो स्थळांची नावे घेतो. इम्रुउल कैस याच्या कवितेच्या पहिल्याच ओळींत सिक्त अल-लिवा, दखूल, हौमल अशी नावे ओळीने येतात. लबीद याच्या कवितेतही तसेच. या नावांना केवळ अलंकार मानून पुढे जाण्याची सवय समीक्षेला लागली आहे. वस्तुतः जी भूमी बाहेरच्याला एकसारखी दिसते तिच्या प्रत्येक टेकाडाला, ओहोळाला आणि वळणाला येथे नाव आहे, आणि नाव आहे तेथे कोणीतरी राहून गेल्याची स्मृती आहे. भटकणे म्हणजे जागेशी नाते नसणे, हा समज या कवितेने फार पूर्वीच खोटा ठरवला आहे.

ही परंपरा मौखिक रूपात अलीकडेपर्यंत चालत आली. बोलीतील 'नबती' कवितेचा साद सोवायान यांनी केलेला अभ्यास (१९८५) प्रसिद्ध आहे. प्रस्तुत संदर्भात अधिक महत्त्वाचा आहे तो क्लिंटन बेली यांचा सिनाई व नकबमधील बेदुइन कवितांचा संग्रह (१९९१), कारण ज्या मुलखातून पामर गेले तोच हा मुलूख. शंभराहून अधिक कवितांच्या या संग्रहात भावना व्यक्त करणाऱ्या कविता आहेत, तशाच कोणाला निरोप पाठवण्यासाठी, उपदेशासाठी किंवा आव्हानाला उत्तर म्हणून रचलेल्याही आहेत. अक्षर न लिहिणाऱ्या समाजात कविता हेच टपाल होते. हाक ऐकू येण्याच्या अंतराची अट घालणाऱ्या कायद्याला हे टपाल माहीत नव्हते.

लीला अबू-लुघोद : कानाने केलेले संशोधन

लीला अबू-लुघोद यांनी १९७८ ते १९८० या काळात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील औलाद अली या समाजात राहून अभ्यास केला. त्यांचे पॅलेस्टिनी वडील, नामवंत अभ्यासक इब्राहिम अबू-लुघोद, यांनी स्वतः जाऊन यजमान कुटुंबाशी त्यांची ओळख करून दिली. त्यामुळे ती तरुण संशोधिका त्या घरात पाहुणी न राहता लेक झाली. लेकीची बंधने तिच्यावर आली आणि त्याचबरोबर बायकांच्या खोलीत बसण्याचा अधिकारही मिळाला. जे थेसिगर यांना पाच वर्षांत दिसले नाही ते येथे ऐकू येऊ लागले.

औलाद अली तोवर बव्हंशी घरांतून राहू लागले होते. पिकअप मोटारी होत्या, फळबागा होत्या, सीमेपलीकडील चोरटा व्यापारही होता. तरीही ते स्वतःला निःसंशय बेदुइन मानत. त्यांच्या लेखी बेदुइन असणे म्हणजे तंबूत राहणे नव्हे, तर 'अस्ल' म्हणजे कुळाचे खरेपण, आणि त्यातून येणारा स्वाभिमान व सचोटी. मोटार आली म्हणजे बेदुइन संपला, हा थेसिगर यांचा निर्वाळा येथे टिकत नाही.

या ग्रंथाचा गाभा 'घिन्नावा' या काव्यप्रकारात आहे. घिन्नावा म्हणजे साधारण एका ओळीत मावेल एवढे, जेमतेम पंधरा अक्षरांचे छोटे गीत. रोजच्या बोलण्यात औलाद अलींची माणसे प्रियवियोग, सवत किंवा नकार यांविषयी बेफिकिरी वा संताप दाखवतात. दुखावले जाणे म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असणे, आणि ते प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे. तीच व्यक्ती जवळच्या माणसांत घिन्नावा म्हणते तेव्हा त्यात अश्रू, आशा आणि हतबलता असते. दोन्ही भाषा खऱ्या आहेत. एकीला मुखवटा आणि दुसरीला चेहरा म्हणण्याचा मोह लेखिकेने टाळला, हे तिच्या विवेचनाचे बळ होय.

मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आठवल्यावाचून राहणार नाही. चारचौघांत न बोलता येणारे ओवीत बोलता येते, आणि ते बोलणे सर्वांना माहीत असूनही कोणी त्याचा जाब विचारत नाही. परंतु साम्य फार ताणू नये. ओवी कामाच्या लयीत वाढत जाते. घिन्नावा संभाषणात मध्येच, कधी कुजबुजीत उच्चारली जाते, आणि तिचा अर्थ ती कोणी, कोणापुढे, कोणत्या प्रसंगानंतर म्हटली यावर अवलंबून असतो. संदर्भ काढून घेतला की हाती फारसे उरत नाही. संकलनकारांनी घिन्नावांचे निव्वळ संग्रह करणे कसे अपुरे आहे, हे यातून ध्यानी येते.

अबू-लुघोद यांच्या मांडणीतही एक अडचण होती आणि ती प्रथम त्यांनीच मांडली, हे विशेष. घिन्नावा ही प्रतिष्ठेच्या व्यवस्थेविरुद्धची बंडखोरी असल्याचे सूचन पहिल्या ग्रंथात आहे. १९९० च्या एका निबंधात त्यांनी अशा प्रत्येक कृतीत प्रतिकार शोधण्याच्या अभ्यासकी हौसेवर बोट ठेवले, १९९१ मध्ये 'संस्कृती' ही संकल्पनाच माणसांना एका साच्यात कोंडते असे प्रतिपादन केले, आणि १९९३ च्या 'रायटिंग विमेन्स वर्ल्ड्स'मध्ये सिद्धान्त बाजूला ठेवून स्त्रियांच्या कथा त्यांच्या शब्दांत मांडल्या. ही वाटचाल मोलाची असली तरी या कथांची निवड, क्रम आणि इंग्रजी शब्द लेखिकेचेच आहेत. 'उपरा' (१९८०) वाचलेल्या मराठी वाचकाला हा फरक चटकन जाणवतो. लक्ष्मण माने यांनी भटक्याचे जगणे स्वतः, आपल्या भाषेत लिहिले, मध्यस्थाची गरज ठेवली नाही.

बेदुइन संस्कृतीला अलीकडे मान्यताही मिळाली आहे. परंतु त्या मान्यतेचा प्रकार पाहण्यासारखा आहे. जॉर्डनमधील पेट्रा येथील प्राचीन गुहांत राहणाऱ्या ब्दूल या बेदुइनांना १९८५ मध्ये, म्हणजे पेट्रा जागतिक वारसास्थळ झाले त्याच वर्षी, तेथून हलवून उम्म सैहून या नव्या गावात वसवण्यात आले. पुढे २००५ मध्ये युनेस्कोने पेट्रा व वादी रम येथील बेदुइनांच्या 'सांस्कृतिक अवकाशा'ला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. अवकाशाचा गौरव झाला तेव्हा पेट्रातल्या त्या अवकाशातील माणसांना गुहा सोडून वीस वर्षे झाली होती.

औलाद अलींकडे तर याच काळात ध्वनिफिती आल्या. तरुण गायक घिन्नावा लोकप्रिय चालींवर गाऊ लागले, त्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या आणि वडीलधाऱ्यांविरुद्धची तरुणांची नाराजी त्यांतून उघडपणे ऐकू येऊ लागली. अबू-लुघोद यांनी याचीही नोंद केली आहे. ध्वनिफीत कोणाच्याही कानी पडू शकते, आणि परक्या पुरुषांनी ऐकावे असे गाणे शीलवान स्त्रीला शोभत नाही. म्हणून या फितींवर आवाज आहेत ते पुरुषांचे. ज्यांच्या घिन्नावांवर 'व्हेल्ड सेंटिमेंट्स' उभा आहे त्या स्त्रिया त्या फितींवर नाहीत.